दुसऱ्या गाठीचा नमुना

शेषराव तायडे म्हणजे पायाला भिंगरी बांधलेला माणूस. लग्नाच्या पंगतीत बसवलं, तर पहिली पोळी संपायच्या आत उठून वाढप्याच्या हातातली बादली आपल्या हातात घेणार. मयतीला गेले तर सरण रचायला सगळ्यांच्या पुढं. पेपर वाचायचा, तोही अंगणात येरझारा घालत. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना "आता घरी आराम करा" असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या बायकोला, सुंदराबाईंना, आधी हसूच आलं. मग ते कशासाठी सांगितलं आहे हे आठवलं आणि त्या उठून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

यकृतात गाठ निघाली होती. कॅन्सरची. आणि डाव्या बरगडीखाली पाणथरीतसुद्धा काहीतरी वाढलेलं दिसत होतं. पाणथरी हा शब्द आता कुणी वापरत नाही, डॉक्टर स्प्लीन म्हणतात, पण शेषरावांची आई हिवतापानं पोट फुगलेल्या पोरांना पाणथरी झाली म्हणायची आणि शेषरावांच्या तोंडी तोच शब्द बसलेला. दोन महिने संध्याकाळचा ताप, चार घासांत पोट गच्च, पँट कमरेवर राहीना. घर अमरावतीतच, म्हणून शहरातल्याच एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी यकृतात सुई घालून तुकडा काढला, तपासून घेतला आणि मुलाला, अनुपला, दाराबाहेर नेऊन सांगितलं, "लिव्हरचा आहे आणि स्प्लीनमध्ये पसरलाय. पसरला म्हणजे ऑपरेशनचा प्रश्न मिटला. गोळ्या देऊ. सहा महिने, फार तर वर्ष."

अनुप अकोल्याला वीज कंपनीत नोकरीला. शिकलेला, शहाणा पोरगा. पण त्यानं बापासमोर येऊन जे सांगितलं ते इतकंच, "बाबा, गाठ हाय. गोळ्यांनी जाईन." आता ज्या माणसानं एकतीस वर्षं शेतकऱ्याच्या नुसत्या तोंडाकडे पाहून गाडीच्या तळाशी काय दडवलंय ते ओळखलं, त्याच्यापासून पोटचं पोर काय लपवणार? शेषरावांनी हात पुढं केला. "फाइल दे इकडं."

हे एकतीस वर्षांचं प्रकरण जरा सांगायला हवं. शेषराव कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. दर्यापूर, नांदगाव खंडेश्वर, मग अकोल्याच्या आसपास, जिथं बदली होईल तिथं. ग्रेडरचं काम ऐकायला सोपं. गाडी आली की कापूस पाहायचा आणि प्रत पुकारायची. पण गाडीवरचा कापूस सगळ्यांचाच गोरापान असतो. खरा माल पोटात. म्हणून शेषराव बाही वर सारून कोपरापर्यंत हात गाडीत खुपसत, आतली मूठ बाहेर काढत आणि चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांमध्ये धरून हळूच ओढत. धागा किती लांब, किती चिवट, ओल किती, किडका पिवळा कापूस किती, सगळं त्या एका ओढण्यात. रांगेतल्या दोनशे गाड्या संपेपर्यंत ते पाणीसुद्धा उभ्यानं प्यायचे. या कामासाठीच हा माणूस जन्माला आला होता म्हणा ना.

एकदाच चुकले. सत्तावीस वर्षांपूर्वी, नांदगाव खंडेश्वरला. दिवाळीनंतरचा आठवडा, गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली. त्यात एकाच आडनावाच्या दोन गाड्या पाठोपाठ उभ्या. पुढची एका शेतकऱ्याची, मागची माणिकबाई नावाच्या त्याच्या विधवा भावजयीची. पुढच्या गाडीत हात घातला तर कापूस ओला, किडका. वावर एकच, बी एकच, घर एकच. शेषरावांनी मागच्या गाडीकडे नुसतं पाहिलं आणि तिलाही तीच खालची प्रत पुकारली. दोन्ही गाड्या ढिगावर रिकाम्या झाल्या. बाई दिवेलागणीच्या आधी परत आली. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "साहेब, माह्या गाडीत हात तरी घातला व्हता काय?"

शेषराव तिच्यासोबत ढिगापाशी गेले. तिची गाडी जिथं उपसली होती तिथला कापूस उचलून त्यांनी अंगठ्यांत ओढला. लांब, रेशमासारखा मऊ धागा. केंद्रावर त्या दिवशी आलेला सगळ्यांत चांगला माल. पण ढिगात मिसळला तो मिसळला, तो काय आता वेगळा काढता येतो! ते तिची माफीही मागू शकले नाहीत, कारण मागे अजून चाळीस गाड्या होत्या. आठ दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. पुढं निवृत्त होईपर्यंत एकाच माणसाच्या चार गाड्या असल्या तरी चारही गाड्यांत हात. बरोबरचे ग्रेडर चिडवायचे, "तायडे, गाडीवाल्याच्या खिशातबी पाह्य." पण ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही.

तर अनुपकडून फाइल घेऊन ते अंगणात फिरत फिरत वाचत होते. तपासणीला आलेला नमुना, यकृत. पुढचं पान उलटलं, मागचं उलटलं. दुसरा नमुना कुठंच नाही.

"अनुप, पानथरीतला नमुना कुठी हाय?"

"तठी सुई घालत नाईत बाबा. रक्त वाहते. अन् डॉक्टर म्हनते, यातूनच त्यात गेलं."

"म्हनते. पन हात घातला काय त्यानं तठी?"

अनुपला हा प्रश्न कळला नाही. सुंदराबाईंना मात्र धोका बरोबर कळला. त्या हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या. "हे पाहा, आता हे नमुन्याचं खूळ नोको. वच्छलाच्या भावाले सुई टोचली अन् दोन महिन्यांत पसरलं सारं. गाठीले डिवचू नये मानसानं."

सुईनं कॅन्सर पसरतो ही समजूत आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, आणि प्रत्येक गल्लीत तिच्या पुराव्यासाठी कुणाचा तरी भाऊ आहे. शेषराव म्हणाले, "डिवचलं नाई तं ते का झोपून राहीन?" सुंदराबाईंनी आत जाऊन भाकरी अशा थापल्या की आवाज शेजारपर्यंत गेला. तीन दिवस दोघांचं बोलणं कामापुरतं. चौथ्या दिवशी शेषराव दूध आणायला म्हणून बाहेर पडले आणि फाइल पिशवीत घालून ऑटोनं शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथं डॉक्टर गीतांजली नावाच्या तरुण सर्जनबाईंचा लहानसा दवाखाना होता.

त्यांनी फाइल वाचली, फिल्म दिव्यासमोर धरल्या आणि पहिलाच प्रश्न केला, "काका, दारू?"

शेषरावांचं डोकं भडकलं. महिनाभर हाच प्रश्न. यकृत म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते. खुशालराव नावाचे त्यांचे शेजारी स्वतः रोज संध्याकाळी नेमानं घेणारे, पण त्यांनीसुद्धा गंभीर तोंड करून "किती घेत होता रे?" असं विचारून झालं होतं. "बाई," शेषराव म्हणाले, "माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. पंचशीलातलं पाचवं शील काय असते, आमच्या घरच्या कोंबड्याले बी मालूम हाय."

डॉक्टर हसल्या, पण फाइलवरची नजर काढली नाही. "मग कधी रक्त चढवलं होतं का? जुन्या काळी?"

चढवलं होतं. अठ्ठ्याऐंशी साली दर्यापूरच्या जिनिंग कारखान्यात कापसाची दाबलेली गाठ मांडीवर पडली होती तेव्हा, दोन बाटल्या. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं आणि दोन दिवसांनी बोलावलं. दूध आणायला माणूस दोनदा इतका वेळ कसा लावतो हे सुंदराबाईंनी विचारलं नाही, म्हणजे त्यांना कळलेलं होतं.

रक्तात सी प्रकारची कावीळ निघाली. त्या दोन बाटल्यांतून आलेली असावी, डॉक्टर म्हणाल्या, आणि इतकी वर्षं गपचूप बसलेली. "हा जंतू लिव्हर खराब करतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कधी कधी तो स्प्लीनमध्ये अगदी वेगळ्या जातीचा कॅन्सर उभा करतो. लिम्फोमा म्हणतात त्याला, पांढऱ्या पेशींचा. मला तीच शंका येतेय. लिव्हरचा कॅन्सर फुप्फुसात जातो, हाडात जातो, स्प्लीनमध्ये जाताना फार कमी दिसतो."

"दुसरा निघाला तं काय फरक पडन?"

"सगळा फरक पडेल, काका. तुमच्या लिव्हरमधली गाठ एकच आहे, कडेला आहे, कापून काढता येईल. पण स्प्लीनमधलं तिचंच पिल्लू असेल तर कापण्यात अर्थ नाही. पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरेल. आणि तिथं दुसराच रोग असेल तर दोघांवरही इलाज आहे. स्प्लीन काढून टाकता येते, जंतूला गोळ्या आहेत, लिम्फोमाला औषध आहे."

"म्हंजे दोन असले तं बरं?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "ऐकायला विचित्र वाटतं, पण हो." मग धोकाही सांगितला. स्प्लीन म्हणजे रक्तानं भरलेली पिशवी, सुईनं रक्त वाहू शकतं, शंभरात एखाद-दोघांना जिवावर बेतू शकतं. घरच्या माणसाची सही लागेल.

घरचं माणूस सही करायला तयार नव्हतं, आणि आईला डावलून अनुपही करेना. शेषरावांनी समजावलं, ओरडून पाहिलं, अनुपकडून फोन करवला. काही उपयोग नाही. शेवटी एका दुपारी सुंदराबाई तूर निवडत बसल्या होत्या, तेव्हा ते पुढ्यात येऊन उभे राहिले आणि त्यांनी माणिकबाईची गोष्ट सांगितली. पुढची गाडी, मागची गाडी, ढीग, सगळं.

सुंदराबाईंचे हात थांबले. "इतके वर्षं तुमी मले हे सांगतलं नाई?"

"काय सांगू? लाज वाटे."

त्यांनी तुरीचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "आना तो कागद. पन ऐकून घ्या, काही झालं तं मी सोताले माफ करनार नाई. अन् तुमालेबी नाई." आणि एकेक अक्षर जुळवत त्यांनी सही केली.

सुई झाली. रक्त वाहिलं नाही. दोन दिवस दवाखान्यात चिकटपट्टी लावून पडून राहायचं होतं, ते मात्र शेषरावांना सुईपेक्षा जड गेलं. नमुन्याला खास रंग लावून तपासावं लागतं आणि ती सोय अकोल्याच्या एका प्रयोगशाळेत होती, म्हणून बाटली अनुपनं स्वतः नेली. तो निघताना बापानं खाटेवरून दहा सूचना दिल्या. "चिठ्ठी नीट पाह्य. नाव, वय, पानथरी. दुसऱ्याच्या बाटलीजवळ ठेवू नको." अनुप म्हणाला, "बाबा, हा कापूस नोहे." शेषराव म्हणाले, "म्हनूनच सांगून राहिलो."

घरी थांबवेना, म्हणून पाचव्या दिवशी ते सुंदराबाईंना घेऊन अकोल्याला अनुपच्या बिऱ्हाडी जायला निघाले. एसटीत जागा मिळाली होती, तरी मूर्तिजापूरपर्यंत तीन वेळा उठले. "पोट सांभाळा," सुंदराबाई म्हणाल्या. बाहेर वेचणीचे दिवस होते, रस्त्याच्या कडेनं कापसाचे ट्रॅक्टर चालले होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मनात एकच चालू. एक की दोन. एक की दोन.

अकोल्यात रोज सकाळी दहाला प्रयोगशाळेच्या काउंटरवर हजर. तिथली मुलगी आधी "आजोबा" म्हणायची, तिसऱ्या दिवशी "तायडे काका" म्हणू लागली आणि चौथ्या दिवशी त्यांना दारातून पाहताच मान हलवू लागली. नाही आला. उद्या. परवा. घरी आले की अनुपला, फोनवर खुशालरावांना, खालच्या किराणावाल्याला, सगळ्यांना तेच, "दोन निघाले पाह्यजे बाप्पा." किराणावाल्यानं त्यांना वेडा समजून साखर जरा लवकरच बांधून दिली. रविवारी विहारात वंदनेला गेले. बुद्धाजवळ काही मागायची सोय नाही, हे शेषराव स्वतः पन्नास वर्षं लोकांना सांगत आले. त्या दिवशी हात जोडल्या जोडल्या त्यांच्या मनात आलं, दोन दे. मग इतकी लाज वाटली की ते कुणाशी न बोलता बाहेर पडले.

एकदा पाय आपोआप शहराबाहेरच्या एका जिनिंगकडे वळले. गाड्यांऐवजी आता ट्रॅक्टरच जास्त, आणि ग्रेडर पोराच्या हातात ओल मोजायचं यंत्र. जुना माणूस म्हणून त्यानं मान दिला. "पाहा ना काका, कसा हाय माल?" शेषरावांनी सवयीनं बाही सारली, हात आत घातला, चिमूट काढली, अंगठ्यांत धरली. धागा नीट ओढताच येईना, लांबी कळेना. पुन्हा धरला, पुन्हा तुटला. "चांगला हाय," ते म्हणाले आणि मागं न पाहता निघाले.

परतीच्या ऑटोत ते पहिल्यांदा स्वतःशी कबूल झाले की आपण घाबरलोय. नमुना पाह्यजे, खरं कळलं पाह्यजे, हे सगळं ठीक. पण एकच निघाला तर? पहिला डॉक्टर बरोबर होता असं निघालं तर? मग हात घालूनही काय उपयोग? मरायची भीती त्यांना याआधी कधी वाटली नव्हती, कारण थांबून तिच्याकडे पाहायला वेळच नव्हता. आता ती छातीवर येऊन बसली होती. घराशी ऑटो थांबला तरी उतरायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

अकोल्यातल्या नवव्या दिवशी काउंटरवरच्या मुलीनं मान हलवली नाही. पाकीट पुढं केलं. अनुप ड्युटीवर होता, सोबत सुंदराबाई. कागदावर इंग्रजीत बारीक अक्षरांत दोन पानं. शेषरावांना ओळी लागेनात. त्यांनी मुलीकडून फोटो काढवून घेतले, डॉक्टर गीतांजलींना पाठवले आणि फोन हातात धरून त्या लहानशा खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत फेऱ्या सुरू केल्या. बाकावर रक्त द्यायला आलेले सात-आठ लोक बसले होते, त्यांनी पाय आखडून घेतले. सुंदराबाई कोपऱ्यात, पिशवी मांडीवर घेऊन.

फोन वाजला.

"काका, लिम्फोमा आहे. स्प्लीनमधला वेगळा आहे, लिव्हरचा पसरलेला नाही. ऐकताय ना? आपल्याला ऑपरेशन करता येईल. सोपं नाहीये ते, पण करता येईल. सोमवारी घेऊन या सगळं."

"बाई, सोमवारी येतोच," शेषराव म्हणाले. त्यांनी अनुपला फोन लावला आणि भर खोलीत ओरडले, "अनुप! दोन निघाले रे! दोन! वेगळे वेगळे!" बाकावरचा एक म्हातारा कौतुकानं हसला, कुणाच्या तरी घरी काही चांगलं झालं असावं. शेषरावांनी त्याचाही हात धरून हलवला. काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "पोरी, तुले पेढे." मुलगी रिपोर्ट वाचून बसली होती. तिला हसावं की काय करावं कळेना.

मग ते सुंदराबाईंपाशी आले. "ऐकलं काय? दोन हायत! ऑपरेशन होते म्हनते. मी म्हनत नव्हतो काय?"

सुंदराबाई समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या.

"अवं, हास ना. दोन हायत."

"ऐकलं."

"मंग?"

"मंग काय?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेला. "दीड महिना झाला, तुमी एक का दोन, एक का दोन करून राहिले. अनुप तेच करून राहिला. डॉक्टरीन तेच. फोनवर तेच, जेवतानी तेच. तुमाले दोनचा आनंद झाला, होऊ द्या. मी काही म्हनत नाई. पन मले एकबी नोको व्हता."

एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती, आणि गेल्या दीड महिन्यात तिला झोप लागते का, ती जेवते का, तिला काय वाटतं, हे आपण एकदाही विचारलेलं नाही, हे शेषरावांच्या आत्ता ध्यानात आलं. सही मात्र घेतली होती.

हातातला कागद त्यांनी कशाला उघडला होता तेही त्यांना आठवेना.

"अनुपची माय," ते म्हणाले, "मलेबी नोको व्हता वं." आणि सगळ्या लोकांसमोर तोंड वाकडं करून ते रडायला लागले.